माळ ओसाड नाही, आणि तो कधी जंगलही नव्हता

मृग लागला की फोनवर एक संदेश फिरायला लागतो. वर दोन फोटो असतात, एक पिवळ्या पडलेल्या माळाचा आणि दुसरा गर्द हिरव्या डोंगराचा. खालचा मजकूर दरवर्षी थोडा बदलतो, म्हणणं तेच राहतं: हा ओसाड माळ एके काळी घनदाट जंगल होता, आपण तो उजाड केला, निसर्गाचा समतोल बिघडला, पाऊस रुसला, आता प्रत्येकाने दहा झाडं लावा, माळ हिरवा झाला की पाणी, पशुपक्षी आणि समतोल सगळं परत येईल.

हा संदेश पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मी स्वतः अशा मोहिमांत खड्डे खणले आहेत. पण पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या माळांवर ज्यांची पावलं झिजली आहेत, त्यांना या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खटकेल. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"हा माळ एके काळी घनदाट जंगल होता."

सगळी इमारत या वाक्यावर उभी आहे, म्हणून इथे जास्त थांबतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत तीस किलोमीटरही नसलेल्या वाईत तो सातशे-आठशेवर येतो, आणि आणखी पूर्वेला फलटण, दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. हा पर्जन्यछायेचा प्रदेश सह्याद्रीने घडवला आहे, कुऱ्हाडीने नाही. पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत. खाली मुरूम आणि काळा पाषाण, वर वीतभर माती. अशा जागी गवताचं राज्य असतं आणि मधूनमधून एखादी बाभूळ, बोर, हिवर, पळस उभा असतो.

जुन्या लोकांनी काय पाहिलं, हे गावांच्या नावांतही दिसतं. इंदापूर तालुक्यात पळसदेव आहे, बाभुळगाव आहे, बोरी आहे. पुरंदरात हिवरे आहे. ही सगळी उघड्या, उन्हाच्या जागेतली झाडं. गर्द सावलीत ती तगत नाहीत. नावांवर कुणाचा विश्वास बसणार नसेल तर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचं मराठी साहित्य, संतचरित्रं आणि धनगरांच्या ओव्यांसह, पश्चिम महाराष्ट्रातल्या झाडाझुडपांच्या उल्लेखांसाठी चाळलं. त्यांना ४४ रानवनस्पती सापडल्या. त्यांतल्या २७ गवताळ, विरळ झाडांच्या प्रदेशाची खूण सांगणाऱ्या होत्या आणि जंगलाची खूण सांगणाऱ्या फक्त ३. साडेसातशे वर्षांपूर्वीही हा प्रदेश माळच होता, हे आपल्याच भाषेने जपून ठेवलं होतं.

आणि त्याआधी? उष्ण प्रदेशातली ही गवतं भारतीय उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली, हे हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या खडकांतून कळतं. शेतीचा इतिहास फार तर दहा-बारा हजार वर्षांचा. माणूस शेती शिकण्याआधी लाखो वर्षं इथे गवत होतं.

"ओसाड जमीन."

ओसाड कुणासाठी? सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' लिहितात, सरकारी नकाशात ती 'पडीक' ठरते. हे शब्द महसुलाचे आहेत. पीक निघत नाही, सारा येत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. त्यांचा निसर्गाशी काही संबंध नाही.

एप्रिलमध्ये सकाळी सातला माळावर उभे राहा. डोंबारी चंडोलाचा नर हवेत सरळ वर चढतो आणि डोंबाऱ्यासारख्या कोलांट्या मारत खाली येतो. धाविक पक्षी चार पावलं पळतो आणि थबकतो. त्याची अंडी उघड्या मातीवर असतात, आणि पाय पडेपर्यंत ती खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतातच जमिनीवर उतरून झोपतात. चिंकारा, ससा, खोकड आहेत, आणि या सगळ्यांच्या वर लांडगा. माळाचा वाघ म्हणजे लांडगा, पण त्याच्यासाठी कुणी पोस्टर छापत नाही.

या प्राण्यांना झाड हवं असतं, पण लांब लांब, एकटं. दाट झाडी आली की शिकारी पक्ष्यांना आणि कावळ्यांना बसायला जागा मिळते आणि जमिनीवरची अंडी त्यांच्या नजरेत येतात. माळढोक तर चारही बाजूंचं क्षितिज मोकळं दिसेल अशाच जागी अंडं घालतो, तेही एका वेळी एकच. कर्नाटकात राणेबेन्नूरला काळविटांच्या अभयारण्यात निलगिरीची लागवड झाली आणि तिथला माळढोक संपला. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये खास माळढोकसाठी अभयारण्य झालं, तरी आज देशात उरलेले दीडशेच्या आसपास माळढोक बहुतेक राजस्थानात आहेत. शिकार, कालव्याचं पाणी येताच नांगरलेले माळ, विजेच्या तारा ही मोठी कारणं आहेतच. सगळा दोष लागवडीवर टाकणं खोटं ठरेल. पण "झाडं लावली की पशुपक्षी परत येतील" या वाक्यात माळढोक बसत नाही. तो परत येणार नाही, उरलेलाही जाईल.

"झाडं वाढली की पाऊस वाढेल, पाणी मुरेल."

आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीवर रिकामा होतो. बारामतीच्या माळावरच्या शंभर एकर झाडीने हे गणित बदलत नाही.

मुरण्याचं म्हणणं जरा गंभीरपणे घ्यावं लागेल, कारण त्यात अर्धं सत्य आहे. उघड्या, तुडवलेल्या जमिनीपेक्षा झाडाखालची जमीन जास्त पाणी मुरवते. पण इथे तुलना उघड्या जमिनीशी नाही, गवताशी आहे. पवना, शेडा, मारवेल, कुसळी यांच्या मुळांचं जाळं वीतभर माती अशी धरून ठेवतं की वळवाच्या सरीलाही ती हलत नाही. लागवडीसाठी उतारावर सलग समतल चर खणले की पहिला घाव याच जाळ्यावर पडतो. शिवाय झाड पाणी पितं, आणि गवत वाळून गेल्यावर भर उन्हाळ्यातही पितं. २००५ मध्ये जगभरातल्या पाणलोटांच्या पाचशेवर वार्षिक नोंदी एकत्र करून एक अभ्यास झाला. गवताळ, झुडपी किंवा शेतीच्या जमिनीवर केलेल्या लागवडींमुळे ओढ्यांचा प्रवाह सरासरी निम्म्याने घटला होता, आणि १३ टक्के ओढे निदान एक वर्ष पूर्ण कोरडे पडले होते. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात हा आकडा पाठ असायला हवा.

"झाडं कार्बन शोषतात, गवत काय करणार?"

गवत आपला बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत ठेवतं. वणवा लागला तर वरचा पाला जळतो, ठेव तशीच राहते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हाच निष्कर्ष काढला: दुष्काळ आणि वणवे वाढणार असतील तर तिथल्या जंगलांपेक्षा गवताळ प्रदेश जास्त भरवशाचे. एवढं पुरे.

"समतोल बिघडला आहे, तो झाडांनी सावरेल."

आता मूळ मुद्दा. समतोल म्हणजे हिरवेपणा अशी समजूत या संदेशाखाली आहे. माळ आठ महिने पिवळा असतो, म्हणून तो आजारी वाटतो. खरं तर पिवळं पडणं हाच त्याचा तोल आहे. पाऊस गेला की गवत बी टाकतं, वरून वाळतं आणि मुळांत जीव ठेवतं. दुष्काळ लांबला तर थांबून राहतं. पहिल्या दोन चांगल्या सरींनंतर आठवड्याभरात माळ हिरवा दिसतो. चराई हाही त्याच तोलाचा भाग. धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पाऊस लागायच्या आत देशावर परत येतात. कळप एका जागी ठाण मांडत नाही, म्हणून गवताला उसंत मिळते. गावं कुरण राखायची, दिवाळीपर्यंत त्यात जनावर सोडायचं नाही असा दंडक असायचा. नाकतोडे वाढले की भोवत्यांची चैन, उंदीर-ससे वाढले की खोकड-लांडग्यांची. या व्यवस्थेला दुष्काळ पेलतो, चराई पेलते, अधूनमधूनची आगही पेलते. बारमाही सावली मात्र पेलत नाही. सूर्यप्रकाश तुटला की गवत मरतं, आणि त्यावर रचलेलं सगळं त्यामागून जातं.

पुण्याच्या टेकड्यांवर जाऊन गिरिपुष्पाखाली वाकून पाहा. मध्य अमेरिकेतलं हे झाड भराभर वाढतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते लावण्यात सोय होती. त्याच्या दाट सावलीखाली मारवेलाचं एक पातं शोधून दाखवा.

"चुकलंच तर काय, निसर्ग आपोआप सावरतो."

हे उत्तर मला गटांवर सर्वांत जास्त मिळतं, आणि मला तेच सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. कच्छच्या बन्नीत, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या गवताळ प्रदेशात, रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वेडी बाभूळ लावली गेली. हेतू चांगलाच होता. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं, आणि आज अर्ध्याहून जास्त बन्नी त्या बाभळीखाली आहे. तिथले लोक तिला 'गांडो बावळ' म्हणतात. मराठीत वेडी, गुजरातीत वेडा. साठ वर्षं झाली, निसर्गाने ती बाभूळ आपोआप उपटलेली नाही. माणसं उपटत आहेत, मुळासकट, एकेक तुकडा मोकळा करत. जिथे ती काढली तिथे गवत परत येतं, हे खरं आहे. पण गवत येणं वेगळं आणि जुना माळ येणं वेगळं. जगभरातल्या जुन्या गवताळ प्रदेशांचा २०२० चा आढावा सांगतो की एकदा मोडलेल्या माळावर मूळच्या सगळ्या वनस्पती परतायला निदान शंभर वर्षं लागतात, बहुतेकदा त्याहून कितीतरी जास्त.

संदेशातलं एक म्हणणं मला मान्य आहे. बरेच माळ खरोखर खराब झाले आहेत. बेसुमार चराईने, मुरूम उपशाने, दरवर्षी लावलेल्या आगींनी. आणि झाडं लावायला जागाही भरपूर आहे: घाटमाथ्यावरची तुटलेली जंगलं, रस्त्यांच्या कडा, ओढ्याकाठ, शेताचे बांध, शाळांची आवारं. तिथे लावा, मीही येईन. अडचण आकड्यांची होते. २०१९ मध्ये एका वर्षात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य राज्याने ठेवलं होतं. एवढी झाडं लावायची तर मोकळी जागा लागते, आणि कागदावर मोकळा दिसतो तो माळच.

माळासाठी काही करायचं असेल तर काम वेगळं आहे आणि त्याचा फोटो फारसा चांगला येत नाही. गावच्या गायरानाचे भाग पाडून आळीपाळीने चराई बंद ठेवणं. दिवाळीपर्यंत गवताला बी धरू देणं, मग विळ्याने कापणं. परकी झाडं टप्प्याटप्प्याने काढणं, हिवर-बोर आहे तिथे राहू देणं. मेंढपाळाची मेंढी लांडग्याने नेली तर भरपाई वेळेवर मिळेल हे पाहणं, कारण ती मिळाली नाही तर विष घातलं जातं. आणि तुमच्या गावात यंदा माळावर चर आखायला कुणी आलं, तर खणण्याआधी ग्रामसभेत एकच मागणी करणं: इथे कोणकोणतं गवत आहे, त्याची यादी आधी वाचून दाखवा.