‘१.८ ची कॅप टाकली, विषय संपला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू, नुसतं ‘बकवास’ लिहून पळणारेच जास्त भेटतात.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. डर्ट बाईक तापून पाणी बाहेर टाकायला लागली तर काय काय तपासायचं ते मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं की गाडी चालवायची का लॅब उघडायची? यांनी १.१ बारची (बार म्हणजे प्रेशरचं माप) रेडिएटर कॅप काढून १.८ ची टाकली, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकून दिला आणि उकळणं बंद. थिअरी वेगळी न प्रॅक्टिकल वेगळं. आणि जाता जाता एक ओळ, “अधूनमधून थोडं पाणी टॉप-अप करावं लागतं, बास.”

माझं खरं भांडण त्या शेवटच्या ओळीशी आहे, पण आधी कॅपचं बघू.

कॅप गाडी थंड करत नाही, ती फक्त प्रेशर धरून ठेवते आणि प्रेशर वाढलं की पाणी उशिरा उकळतं. साधं पाणी उघड्यावर १०० डिग्रीला उकळतं, १.१ बारच्या कॅपखाली साधारण १२२ ला आणि १.८ च्या खाली १३१ च्या आसपास. कूलंट मिसळलेलं असलं की दोन्ही आकडे अजून थोडे वर सरकतात, पण फरक तेवढाच राहतो. म्हणजे एवढं करून मिळाल्या नऊ-दहा डिग्र्या, आणि त्याही इंजिन थंड झाल्याच्या नाहीत, उकळी दिसायला उशीर झाल्याच्या. आधी नळीतून वाफ आली असती, तुम्ही थांबला असता, आता त्याच तापमानाला गाडी गप्प राहते आणि तुम्ही गॅस देत राहता. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच. सिस्टीम धडधाकट असेल आणि फक्त हळू चढावर जराशी थुंकत असेल तर जास्त प्रेशरची कॅप चालते, त्याला माझा विरोध नाही. पण ते वाढलेलं प्रेशर होज, क्लॅम्प, पंपाचं सील, पडून-पडून वाकलेल्या रेडिएटरचे सांधे, सगळ्यांनाच सोसावं लागतं हे विसरायचं नाही.

थर्मोस्टॅटबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. बऱ्याच मोटोक्रॉस गाड्यांना तो मुळातच नसतो आणि त्या मजेत चालतात. पण ज्या इंजिनात कंपनीने दिलाय तिथे काही डिझाइनमध्ये बायपासची वाटही असते, थर्मोस्टॅट उघडला की तोच ती वाट बंद करतो. तो काढलात की बायपास कायमचा उघडा, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, म्हणजे थंड करायला काढलेला पार्ट उलटा तापवतो. बायपास नसेल तर दुसरं दुखणं, इंजिन लवकर गरमच होत नाही, फ्युएल इंजेक्शनवाली गाडी स्वतःला थंड समजून जास्तीचं पेट्रोल ओतत राहते. संशय असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून गरम पाण्यात सोडा, उघडतो का ते डोळ्यांनी दिसतं. फेकायचा का ठेवायचा ते त्यानंतर ठरवा. (आणि ते “पाणी फास्ट फिरलं की थंड व्हायला वेळ मिळत नाही” हे जे सगळीकडे ऐकवतात ना, ते सोडून द्या, जास्त फिरलं म्हणून रेडिएटर कमी उष्णता टाकत नाही.)

फॅनचं मी लिहिलं नाही ही तक्रार मान्य, पण फॅन लावायच्या आधी गाडी कधी तापते ते तर बघा. हळू जाताना, हाफ क्लचवर दगडांतून चढताना तापते आणि मोकळ्यात वेग घेतला की उतरते, तर हवेचा प्रश्न. तिथे फॅन कामाचा, पण त्याआधी रेडिएटरच्या मागून टॉर्च मारून समोरून बघा. उजेड आरपार दिसला पाहिजे. फिन्समध्ये (रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या पट्ट्यांत) वाळलेला चिखल बसलेला असतो, किंवा प्रेशर वॉशर जवळून मारून त्या सगळ्या एका बाजूला झोपवलेल्या असतात, अशा रेडिएटरला फॅन लावून काय डोंबल होणार. उलट गाडी मोकळ्यात, फुल गॅसवरच तापत असेल तर फॅनचा काही संबंध नाही, तिथे आतून चोंदलेला रेडिएटर, पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक), लीन मिक्श्चर (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असलं काहीतरी निघतं. दोन रेडिएटर असतील आणि एक गरम आणि दुसरा बऱ्यापैकी गार लागत असेल तर आत हवा अडकलीय किंवा तो चोंदलाय, एवढं सोपं.

आता तुमचं टॉप-अप. उकळत नाही म्हणता, बाहेर फेकत नाही म्हणता, मग पाणी जातं कुठे? सीलबंद सिस्टीम आहे ती, काठोकाठ भरलं असेल तर पहिल्यांदा थोडं बाहेर टाकते, ते सोडलं तर लेव्हल उतरायला नको. उतरतेय म्हणजे कुठूनतरी वाट आहे, आणि वाटा मोजक्याच असतात.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथे बोट लावून बघा. हिरवट-निळसर, चिकट, गोडसर वासाचं काही लागलं तर पाण्याच्या बाजूचं सील गेलंय, ऑइल लागलं तर ऑइलच्या बाजूचं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, एक सील गेलं तरी पाणी ऑइलमध्ये न शिरता बाहेर यावं म्हणून. चिखलाने बुजलं असेल तर मोकळं करा, आणि टपकतंय म्हणून एम-सील लावून बंद करायची आयडिया कोणी दिली तर त्याच्यापासून लांब राहा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालूच करू नका.

बाहेर काहीच ओलं नाही, मग हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या वरचं हेड यांच्यामधलं सील). इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी असताना, कॅप उघडा (गरम असताना उघडायची नाही, चेहरा भाजतो), गाडी चालू करा आणि आत बघत राहा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येतो, ती अडकलेली हवा. पण बारीक बुडबुडे थांबायचं नावच घेत नाहीत, गॅस दिला की वाढतात, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. प्लग काढून बघा, पाणी आत जात असेल तर तो धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. आणि कॅप बदलून हे सुधरत नाही, फक्त उशिरा कळतं.

तुमच्यासाठी लॅब उघडायची गरज नाही. कंपनीने दिलेल्या प्रेशरचीच कॅप परत लावा, तिचं रबर कडक झालेलं किंवा चिरलेलं नाही ना ते बघून. बाहेर आलेलं पाणी साठवणारी टाकी नसेल तर ओव्हरफ्लोच्या नळीला एक छोटी बाटली बांधा आणि नेहमीसारखी चालवा, थंड झाल्यावर लेव्हल बघा. बाटलीत पाणी आलं तर गाडी पाणी बाहेर ढकलतेय, बाटली कोरडी आणि लेव्हल कमी तर पंपाचं भोक नाहीतर हेड गॅस्केट. यातलं काय निघालं ते इथेच लिहा, गाडी टू-स्ट्रोक आहे का फोर-स्ट्रोक तेही सांगा, कारण टू-स्ट्रोकच्या काही हेडना गॅस्केटऐवजी ओ-रिंग (गोल रबरी कड्या) असतात आणि तिथलं काम बऱ्यापैकी सोपं असतं.