दोन गाड्या, दोन कंट्रोलर आणि आमच्याकडून राहून गेलेला एक ट्रान्सफॉर्मर

मा. महोदय,

आमच्या मॉडेल रेल्वेच्या दुकानाला आपण एक तारा दिला आहे आणि त्याची कारणेही तपशीलवार लिहिली आहेत. आपले म्हणणे थोडक्यात असे : आठ बाय चार फुटांच्या पाटावर दोन गोल, मध्ये ते जोडणारे सांधे आणि गाडीचा वेग व दिशा बदलणारे दोन कंट्रोलर असा संच आमच्याकडून बसवून घेतला, ‘दोन कंट्रोलर घेतले की दोन गाड्या वेगवेगळ्या चालतील’ असे काउंटरवर सांगण्यात आले, प्रत्यक्षात एक गाडी उलट दिशेने सोडली की दोन्ही बंद पडतात, सांध्यावरून पलीकडे जाताना इंजिन थरथरत पुढेमागे होते, एका इंजिनाची मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली, आणि तक्रार केल्यावर डिजिटल यंत्रणा घेण्याचा सल्ला मिळाला. हा अभिप्राय इतर ग्राहकही वाचत असल्याने उत्तर येथेच देत आहे.

पहिली तक्रार संपूर्णपणे खरी आहे आणि चूक आमची आहे. ‘एक उलटी केली की दोन्ही बंद’ हे आपले वाक्य वाचताच मी त्या दिवशीची कामाची नोंद काढली. आमच्या कारागिराने दोन्ही कंट्रोलरना १६ व्होल्टचा एकच ट्रान्सफॉर्मर जोडला होता, आणि पाटाखालची एक वायर दोन्ही गोलांच्या एकेका रुळाला सामाईक दिली होती. या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. दोन्ही गाड्या एकाच दिशेने जात असतात तोवर काही बिघडत नाही, म्हणूनच आपल्या घरी घेतलेली पहिली चाचणी व्यवस्थित पार पडली. परंतु एका कंट्रोलरची दिशा बदलताच त्याची धन बाजू सामाईक रुळावर येते, दुसऱ्याची ऋण बाजू तेथे आधीपासून असते, आणि दोघांचा उगम ट्रान्सफॉर्मरच्या एकाच गुंडाळीत असल्याने आतल्या डायोडमधून (विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून) थेट शॉर्ट होतो. सामाईक वायर ठेवायची असेल तर प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, निदान स्वतंत्र गुंडाळी तरी, द्यावीच लागते. हे आमच्या कारागिराला ठाऊक आहे. पाटाशेजारी प्लगसाठी एकच जागा होती म्हणून त्याने तात्पुरते भागवले आणि ते तसेच राहिले. चाचणीत गाडी उलटी फिरवून न पाहता त्याने सही घेतली, हे मला अधिक खटकले.

सांध्यावरच्या थरथरीचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते विकण्यापूर्वी समजावून सांगणे आमचे काम होते. साध्या डीसी पद्धतीत कंट्रोलर गाडीला चालवत नाही, रुळाच्या तुकड्याला वीज देतो. त्या तुकड्यावर जे इंजिन उभे असेल ते चालते. दिशाही रूळच ठरवतो : प्रवासाच्या दिशेने पाहता उजवा रूळ धन असला की इंजिन पुढे जाते. इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवले तरी ते पूर्वीच्याच बाजूला धावते, हे आपण घरी करून पाहू शकता (लहान मुलांना याची फार गंमत वाटते). आता आपल्या पाटावर बाहेरची गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि आतली त्याविरुद्ध धावावी अशी आपली इच्छा आहे, कारण समोरासमोर येणाऱ्या गाड्या पाहायला छान वाटतात. बाहेरची गाडी सांध्यावरून आत शिरू लागली की तिची पुढची चाके उलट विजेच्या रुळावर आणि मागची सुलट विजेच्या रुळावर असतात. दोन गोलांच्या सीमेच्या दोन बाजूंत अशा वेळी २४ व्होल्टपर्यंत फरक पडतो आणि चाकेच तो जोडून टाकतात. आपण वर्णन केलेली थरथर ती हीच.

फोनवर आमच्या माणसाने दोन्ही दिशा सारख्या करायला सांगितल्यावरही ‘तिसरा डबा पार होईपर्यंत आचके बसतात’ असे आपण लिहिले आहे. तो तिसरा डबा दिव्यांचा आहे. त्याच्या पुढच्या व मागच्या दोन्ही बोगी (डब्याखालच्या चाकांच्या चौकटी) रुळावरून वीज घेतात आणि आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे डब्याची पूर्ण लांबी सीमेवरून सरकेपर्यंत दोन्ही कंट्रोलर एकमेकांना जोडलेले राहतात आणि त्यांचा वेग सारखा नसेल तर गाडी हिसके देते. हे आपण इतके नेमके टिपले नसते तर आम्ही सांधेच खोलत बसलो असतो.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. प्रत्येक गोलाला सहा पायांचा, मध्ये बंद राहणारा टॉगल स्विच बसवायचा. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत मिळतो तोच. डावीकडे केला की तो गोल पहिल्या कंट्रोलरवर, उजवीकडे केला की दुसऱ्यावर, मध्ये ठेवला की मृत. गाडी बाहेरून आत न्यायची असेल तेव्हा आतली गाडी आधी साइडिंगच्या (गाडी बाजूला उभी करायच्या रुळाच्या) वीज तोडता येणाऱ्या तुकड्यात उभी करायची, मग दोन्ही गोल एकाच कंट्रोलरवर घ्यायचे, गाडी पलीकडे पूर्ण गेली की पुन्हा वेगळे करायचे. दर वेळी हात चालवावा लागतो हे खरे आहे.

डिजिटल यंत्रणेविषयी. तीत रुळावर कायम सारखीच वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा ऐकतो, त्यामुळे वरील कटकट उरत नाही. तरीही आपल्याला दिलेला सल्ला मला पटलेला नाही. आपल्या चार इंजिनांपैकी दोन जुनी आहेत आणि त्यांच्या मोटरचा एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा तुकडा) सांगाड्यालाच जोडलेला आहे; तो वेगळा केल्याशिवाय डिकोडर बसवला तर तो जळेल. डिकोडर नसलेले इंजिन डिजिटल रुळावर नुसते उभे केले तरी ते गुणगुणते आणि तापते. दोन गाड्या आणि एक सांधाजोड यांसाठी एवढा खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही. पुढे गाड्या वाढल्या तर पाहू. मात्र तेव्हा जुना डीसी कंट्रोलर त्याच पाटावरून पूर्णपणे काढावा लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दुसरा ट्रान्सफॉर्मर, दोन टॉगल, साइडिंगच्या तुकड्याचा स्विच आणि सीमेवर दोन्ही रुळांना वीज पलीकडे जाऊ न देणारे प्लॅस्टिकचे जॉइनर हे काम आम्ही विनामूल्य करून देऊ, आणि जोडणीचा आराखडा पाटाखाली चिकटवून देऊ. तापलेली मोटर नेमकी कशाने तापली हे खोलल्याशिवाय सांगता येणार नाही. आमच्या जोडणीमुळे बिघडली असेल तर बदलून देऊ. काम दोन दिवस उशिरा झाल्याबद्दल दिलगीर आहे. डिजिटल संचाचे कोटेशन रद्द समजावे.

येत्या शनिवारी किंवा रविवारी मी स्वतः कारागिराबरोबर येईन. तोपर्यंत कृपया एकच कंट्रोलर चालू ठेवावा, ते तापलेले इंजिन रुळावर ठेवू नये, आणि दिव्यांचा डबा मात्र बाजूला काढू नये, कारण चाचणी त्यालाच घेऊन करायची आहे.

आपला,
दुकानाचा मालक