घुसखोर कोण, हे ठरवतो कोण?

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणाऱ्यांसाठी इंग्रजीत ढिगाने शब्द आहेत. मुळाशी गेलं की कळतं, यातले बरेचसे शब्द सुरुवातीला अगदी निरुपद्रवी होते. दूषण त्यांना मागाहून चिकटलं. ते कुणी चिकटवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मेडल घ्या. पदक नव्हे, ढवळाढवळीतलं मेडल. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ होता नुसतं मिसळणं. गाण्यांची मेडली त्याच कुळातली. आपणही ढवळण्यावरूनच ढवळाढवळ केली, याचं मला फार अप्रूप वाटतं. इंटरफिअर आला घोड्यांकडून: चालताना एका पायाचा खूर दुसऱ्या पायाला लागणं. स्नूप, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टींत चोरून डोकावणं, हा डचांचा, चोरून गोडधोड खाण्यावरून. आणि पत्त्यांच्या डावात मागे उभं राहून सल्ले देणं म्हणजे किबित्झ. तो यिडिशमधून, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून आला, मूळ जर्मन कीबिट्झ, म्हणजे टिटवी! माळावर पाऊल टाकताच डोक्यावर घिरट्या घालत ओरडणारी टिटवी ज्यांनी अनुभवलीय, त्यांना आणखी काही सांगायला नको.

पण मला खरं बोलायचंय ते इंटरलोपरबद्दल. हा शब्द मक्तेदार व्यापारी कंपन्यांच्या भांडणातला. १६०० सालच्या सनदेने पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीला मिळाला. मग परवान्याशिवाय इकडे व्यापार करणारा प्रत्येक इंग्रज कंपनीच्या लेखी इंटरलोपर, घुसखोर ठरला. थॉमस पिट हा त्यातला नामांकित. ओडिशातल्या बालासोरला त्याने असाच व्यापार केला, कंपनीने त्याला दंडही ठोठावला. पुढे १६९८ मध्ये तो त्याच कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला! माणूस तोच, फक्त आता तो कंपनीचा झाला होता. आणि इथले सावकार, इथले विणकर यांच्या दृष्टीने घुसखोर कोण, हा प्रश्न तर त्या शब्दाच्या गावीही नव्हता. म्हणून असा शब्द कानावर आला की तो कुणाच्या तोंडून आला, हे मी आधी बघतो.

ऑफिशियसचं तर मला वाईटच वाटतं. मूळ लॅटिन अर्थ कर्तव्यतत्पर, मदतीला धावून जाणारा. लंडनच्या गोरगरिबांवर उपचार करणारे रॉबर्ट लेव्हेट १७८२ मध्ये गेले, तेव्हा इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने त्यांच्यावरच्या कवितेत हाच शब्द कौतुकाने वापरला. आज तो म्हणजे नको तिथे पुढे पुढे करणारा. मदत करणाऱ्याचंच नाव बदनाम झालं.

हे आपल्याकडेही रोज घडतं. आमच्या इमारतीत एका घरातून रात्री मारहाणीचे आवाज यायचे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली, तर "आमच्या घरात लुडबूड करू नका" म्हणत दार तोंडावर आपटलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन पुन्हा गेल्या. नंतर जिन्यात कुजबुज झाली, की यांना काय गरज होती? गरज होती. मी काकूंच्या बाजूने आहे, आणि हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्येही उभं राहून सांगितलंय.