‘ऑटिझमवाल्यांना डिप्रेशन होत नाही’ म्हणे!

ऑटिझम असलेल्यांना डिप्रेशन वगैरे काही होत नाही, डॉक्टर उगाच दुसरं लेबल चिकटवतात, गोळ्या आजच बंद करा, अशा अर्थाचा पाच मुद्द्यांचा फॉरवर्ड सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. फिरू दे म्हटलं असतं. पण तो डिचोलीला माझ्या ताईपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, “बंद करून बघूया काय?” भाचा 22 वर्षांचा आहे. ऑटिझम पहिल्यापासूनचा, डिप्रेशन अलीकडचं.

पहिला मुद्दा, ऑटिझम हा मानसिक आजार नव्हे. बरोबर, मान्य. ती मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण. पण म्हणून त्या माणसाला मानसिक आजार होणारच नाही, हे कुठून आलं? डावखुऱ्याला मलेरिया होत नाही काय? 2019 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात संशोधक मेंग-चुआन लाई आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून आकडे काढले. ऑटिझम असलेल्यांत एंग्झायटी (अति चिंतेचा आजार) साधारण 20 टक्के, डिप्रेशन 11, ओसीडी (त्याच त्या विचार-कृतींत अडकण्याचा आजार) 9, स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रमांच्या) गटातले आजार 4. इतर लोकांपेक्षा हे प्रमाण जास्तच.

दुसरा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. “या मुलांना भावनाच नसतात, मग उदास कुठून होणार?” भाचा रोज संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसगाड्यांचे नंबर वहीत उतरवायचा. ती वही उघडणं बंद झालं. मग आंघोळीला नको म्हणू लागला, रात्र रात्र जागा, मनगटाला चावे. ‘मला वाईट वाटतं’ असं एकदाही म्हणाला नाही. आपल्याला काय वाटतंय ते ओळखून सांगणं ऑटिझम असलेल्या कित्येकांना जड जातं. म्हणून काय वाटतच नाही? घरचे म्हणाले, ऑटिझम वाढला. एका डॉक्टरांनीही तेच सांगून परत पाठवलं. अहो, ऑटिझम असा बाविसाव्या वर्षी अचानक उफाळत नाही. जिवापाड आवडीची गोष्ट सुटली, येत होतं तेही येईनासं झालं, की डिप्रेशनची शंका घ्यायची. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी वहीबद्दलच विचारलं.

तिसरा, गोळ्यांनी माणूस सुन्न होतो. अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. चिडचिड, आक्रमकपणा कमी करायला देतात त्या रिस्पेरिडोनने वजन वाढतं, सुस्ती येते. मुलाला नुसतं गप्प बसवायला औषध देणारेही असतात. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर तर गोळीच नाही. पण मग डॉक्टरांशी भांडा, डोस कमी करून घ्या! डिप्रेशनच्या गोळ्या एकदम तोडल्या तर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटतो. आणि ज्याला ‘चक्कर येते’ सांगता येत नाही, तो भिंतीवर डोकं आपटतो. तेव्हा फॉरवर्डवाला धरायला येणार नाही, ताईच असणार.

चौथा, गहू-दूध बंद केलं की मूल सुधारतं म्हणे. पुरावा तोकडा. आमच्याकडे दोन्ही वेळा शीतकडी (भात-कालवण), गव्हाचं म्हणाल तर सकाळचा पोदेराचा (पाववाल्याचा) पाव. मोजून चार पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या तोंडचा तोही काढायचा?

पाचवा, दुसरं निदान म्हणजे डॉक्टरांचा धंदा, शिवाय त्याने दिव्यांग प्रमाणपत्र जातं. साफ खोटं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आणि मानसिक आजार दोन्ही वेगवेगळे दिलेत, एकाहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांचाही त्यात विचार आहे. गोव्यातली बांबोळीची मानसोपचार संस्था सरकारी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट. तिथे धंदा कोणाचा? फॉरवर्डखाली ‘एका ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलंय. डॉक्टरांचं नाव नाही, डाएट पावडर मागवायचा नंबर मात्र ठळक अक्षरांत आहे.