खुलासा : आसिमोव्ह 'एमबीबीएस' नव्हते

ठाण्यातल्या वाचकांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतंय : 'डॉ. आयझॅक आसिमोव्ह यांनी दवाखाना सांभाळून ५०० विज्ञान कादंबऱ्या लिहिल्या.' नौपाड्यात दोघांनी तर मला त्या पाचशेंची यादीच मागितली!

दवाखाना कधीच नव्हता. 'डॉ.' आहे तो रसायनशास्त्रातल्या पीएच.डी.चा, कोलंबिया विद्यापीठ, १९४८. घोटाळा होण्यासारखं एक कारण मात्र आहे : ते बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत आणि १९५२ साली दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी त्या विषयाचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. पुढे मानवी शरीर, रक्त, जीवशास्त्राचा इतिहास, इतकंच काय बायबल आणि शेक्सपिअर यांवरही जाडजूड ग्रंथ आले.

पाचशेचा आकडा साधारण बरोबर, पण त्यात संपादित संग्रहही धरलेले आहेत. विज्ञान कादंबऱ्या त्यातला छोटा वाटा. मोठा हिस्सा माहितीपर लेखनाचा.

मला स्वतःला आवडतो तो थायोटिमोलिनचा किस्सा. पाणी घालायच्या आधीच विरघळणाऱ्या या काल्पनिक पदार्थावर त्यांनी शोधनिबंधाच्या थाटात, तक्ते-आलेखांसह, एक थट्टा लिहिली. ती छापून आली नेमकी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या तोंडावर, तीही खऱ्या नावाने. परीक्षा संपता संपता एका परीक्षकाने गंभीरपणे थायोटिमोलिनबद्दलच विचारलं, आणि आसिमोव्हना हसू आवरेना. नापास करायचं असतं तर कोण कशाला गंमत करेल?

तेव्हा फॉरवर्ड पुढे ढकलायचंच असेल, तर निदान दवाखाना तेवढा काढून टाका.