‘चांगल्या ताईला मुलांतून उठवू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

बालवाडीतल्या सहप्रमुखाच्या, म्हणजे प्रमुखांच्या हाताखाली राहून इतर तायांना साथ देणाऱ्या ताईच्या, कामावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही ते तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं: मुलांशी उत्तम जमणाऱ्या ताईला हे अर्धवट अधिकाराचं पद दिलं की ती मुलांपासून तुटते. तिच्या वाट्याला वेळापत्रकं आणि रजिस्टरं येतात, निर्णय प्रमुखच घेतात. तुमच्या भाचीला नुकतंच असं पद देऊ केलंय आणि तुम्ही तिला ‘नाही म्हण’ असं सांगितलंय.

अधिकाराबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. स्वतःचा वर्ग पूर्ण वेळ सांभाळून उरल्यासुरल्या वेळात इतर तायांकडे बघायचं, असं जिथे असतं तिथे त्या बाईची ओढाताण होते आणि मुलांनाही काही मिळत नाही. अशा पदाची बाजू मी घेणार नाही.

पण मुलांपासून तुटण्याचा मुद्दा मला मान्य नाही. हे काम नीट चालतं तेव्हा कसं दिसतं ते सांगते. दोन वर्षांच्या मुलांच्या वर्गात एक मूल रोज कुणाला तरी चावतंय. पालक चिडलेत, वर्गाची ताई रडकुंडीला आलीय. या वयात शब्द अपुरे पडतात, म्हणून मुलं चावतात. हे त्या ताईलाही ठाऊक असतं. पण वर्ग सांभाळता सांभाळता ‘नेमकं कधी’ हे बघायला तिला उसंत नसते. सहप्रमुख त्या वर्गात जाऊन जमिनीवर बसते आणि नुसत्या नोंदी करते: किती वाजता, कुठे, आधी काय झालं, जवळ कोण होतं. मत लिहीत नाही. दोन-तीन दिवसांनी दोघी त्या नोंदी समोर ठेवतात आणि ताईच्याच लक्षात येतं की बहुतेक वेळा हे हात धुवायच्या रांगेत होतंय. अरुंद दार, सगळी मुलं एकदम उभी, खूप वेळ थांबणं. मग मुलं चार-चार करून पाठवायची, बाकीच्यांशी तोवर गाणी म्हणायची. उत्तर ताईने शोधलेलं असतं, म्हणून पुढच्या अडचणीत ती स्वतःच असं बघू लागते. सहप्रमुखाने येऊन ‘रांग मोडा’ एवढंच सांगितलं असतं, तर हे झालं नसतं. आता सांगा, ही बाई मुलांपासून तुटलीय का?

हा फक्त माझा अनुभव आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० मुलांचा माग ठेवणारा ‘ईपीपीई’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याला जोडून झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की कमी प्रशिक्षण असलेल्या शिक्षिका प्रशिक्षित शिक्षिकेच्या सोबतीने काम करत असतील तर त्यांचं मुलांबरोबरचं काम लक्षणीय सुधारतं. सोबतीने, हा शब्द माझ्यासाठी फार मोलाचा आहे. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या नगरपालिका बालशाळांमध्ये ‘पेडागोजिस्ता’, म्हणजे शिक्षिकांना साथ देणारी शिक्षणतज्ज्ञ, हेच करते. ती काही शाळांतल्या शिक्षिकांबरोबर बसून मुलांच्या कामाच्या नोंदी वाचते, पुढे काय करायचं याचा विचार त्यांच्यासह करते. वर्ग शिक्षिकांचाच राहतो.

या कामात खरी कठीण जागा वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. कालपर्यंत बरोबरीने काम करणाऱ्या मैत्रिणीला आज ‘तुझा आवाज मुलांवर फार चढतो’ हे सांगावं लागतं. ते चारचौघांत सांगायचं नाही, मुलांसमोर तर नाहीच, आणि आठवडाभर साठवूनही ठेवायचं नाही. त्याच दिवशी, मुलं गेल्यावर, एकच प्रसंग धरून बोलायचं. पालकांना ‘बोलणं उशिरा येतंय, एकदा तपासून घ्या’ हे सांगायची वेळ येते तेव्हाही तसंच. सहप्रमुखाने ताईशेजारी बसावं, पण बोलू ताईला द्यावं. कारण पालकांचा विश्वास रोज त्या मुलाला जवळ घेणाऱ्या माणसावर असतो.

तुम्ही विचारलंत, ‘हे पद नसतं तर काय बिघडलं असतं?’ ताया टिकल्या नसत्या. एकटी पडलेली ताई काम सोडते, आणि जिच्याशी नुकतंच नातं जुळलं होतं ती गेल्यावर मुलांना पुन्हा पहिल्यापासून कुणावर तरी भरवसा टाकावा लागतो. तीन वर्षांखालच्या मुलाला हे फार जड जातं.

म्हणून भाचीला एकदम नकार द्यायला सांगू नका. तिने आधी विचारून घ्यावं: आठवड्यातले किती तास वर्गाची जबाबदारी नसेल आणि तेव्हा वर्ग कोण बघेल? कुठले निर्णय ती प्रमुखांना न विचारता घेऊ शकेल? ताया तिच्याकडे मन मोकळं करतील, त्यातलं काय प्रमुखांपर्यंत जाईल आणि काय नाही? उत्तरं लेखी मागावीत. ती मिळाली नाहीत, तर तिने खुशाल नाही म्हणावं. तेव्हा मीही तिला हेच सांगेन.