‘पर्सनल जीझस’चा ठोका: खानापूरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, म्हणून आधी तिचा गोषवारा देतो. डेपेश मोड या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडच्या ‘पर्सनल जीझस’ या गाण्यावरच्या माझ्या लेखाला तुमच्या तीन हरकती आहेत. अमेरिकन गायक जॉनी कॅशनं हेच गाणं साध्या गिटारवर गायलं, तेव्हा मूळ सिंगलमधली (सुट्या गाण्याच्या रेकॉर्डमधली) यंत्रं ही नुसती सजावट, आणि लेखात तिचंच कौतुक जास्त झालंय, ही पहिली. लेखात लिहिल्याप्रमाणे तुमच्या पोरांनी पायांचा ठोका रेकॉर्ड केला तर तो चपलेसारखा वाजला, आणि गॅदरिंगच्या स्पीकरवर सगळं गढूळ झालं, ही दुसरी. कॉलेजच्या स्टेजवर असल्या नावाचं गाणं कशाला, ही तिसरी.

कॅशचं उदाहरण चांगलं आहे. २००२ सालच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये जॉन फ्रुशांतेची अकूस्टिक गिटार आणि बिली प्रेस्टनचा पियानो आहे, आणि गाणं जराही कमी पडत नाही. त्याचं श्रेय बँडचा गीतकार-संगीतकार मार्टिन गोर याच्या चालीला आणि त्या गिटारच्या तुकड्याला. पण लेख गाण्यावर नव्हता, ऑगस्ट १९८९ च्या सिंगलवर होता. त्या सिंगलचा काळोख कॅशच्या काळोखापेक्षा वेगळा आहे. कॅशकडे थकलेल्या, श्रद्धाळू माणसाचा गळा आहे. सिंगलमध्ये मिलानच्या लॉजिक स्टुडिओत निर्माता फ्लड आणि बँडनं दोन-तीन माणसांना फ्लाइट केसवर (वाद्यं नेण्याच्या कडक पेट्यांवर) उड्या मारायला लावून तो धप्प आवाज सॅम्पल केला, म्हणजे रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवला. म्हणजे आवाज माणसाच्या पायाचा, आणि यंत्राचं काम एवढंच की तो प्रत्येक वेळी त्याच वजनानं पडला पाहिजे आणि वेळेवर तुटला पाहिजे. माणसाचा पाय इतका न थकता पडत राहतो, भीती तिथून येते. ही यंत्रं काढली तर गाणं राहील, पण तो परिणाम जाईल. त्यामुळे ‘सजावट’ हा शब्द मला मान्य नाही.

आता तुम्ही पाठवलेला ट्रॅक. गढूळपणा आहेच, पण त्याआधी तालाची चाल चुकली आहे, आणि ती चुकली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. तुमच्या पोरांनी मात्रेचे दोन सरळ भाग केलेत. मूळ गाणं शफल आहे, तबल्याच्या भाषेत तिस्र जातीचं: प्रत्येक मात्रेचे तीन भाग, पहिल्यावर आघात, दुसरा मोकळा, तिसऱ्यावर पुन्हा हलका आघात. लय मिनिटाला १३० मात्रांच्या आसपास आहे. म्हणजे एक मात्रा ४६२ मिलिसेकंदांची. सरळ वाजवलं तर मधला आघात २३१ व्या मिलिसेकंदाला येतो, शफलमध्ये ३०८ व्या. हा ७७ मिलिसेकंदांचा फरक कान लगेच पकडतो. सरळ वाजलं की गाणं कवायतीसारखं पुढं पळतं, आणि शफलमध्ये मागं रेलून चालतं. सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड ट्रिप्लेटवर, म्हणजे मात्रेच्या तीन भागांवर ठेवा. नुसत्या ‘स्विंग’च्या आकड्यावर विसंबू नका, कारण तो आकडा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या मापाचा असतो. आणि गिटारवाल्याला हे हातात बसेपर्यंत एखाद्या तबलजीबरोबर बसवा. बेळगाव-धारवाड पट्ट्यात तबला शिकलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

ठोका चपलेसारखा का आला, त्याचं कारण तुमच्या फोटोत दिसतंय. पेटी सामानानं भरलेली आहे आणि फरशीवर सपाट टेकली आहे. भरलेली पेटी घुमत नाही, आणि मग माइकला फक्त तळव्याचा चटका ऐकू येतो. पेटी रिकामी करा, झाकण घट्ट लावा, खाली चारही कोपऱ्यांना जाड रबराचे तुकडे द्या. फ्लाइट केस नसेल तर मंडपवाल्याकडचा ९ किंवा १२ मिलिमीटर प्लायचा छोटा प्लॅटफॉर्म चालतो, फक्त खाली पोकळी हवी. खानापूरच्या पावसाळ्यात प्लाय ओल धरतो आणि आवाज मऊ, मेलेला येतो, म्हणून दोन-चार दिवस कोरड्या खोलीत ठेवूनच रेकॉर्ड करा. पायात कडक टाचेचे बूट. तिघांनी एकत्र आपटायचं, आणि थोडं मागं-पुढं झालं तरी ते सॉफ्टवेअरमध्ये एका रेषेत ओढायचं नाही. तुमच्या ट्रॅकमध्ये एकाच पायाचा आवाज तीनदा कॉपी केलाय. तंतोतंत सारख्या तीन कॉप्या एकमेकींवर ठेवल्या तर आवाज साडेनऊ डेसिबलनं मोठा होतो, पण तीन माणसं काही होत नाहीत. आठ-दहा आघात घ्या, त्यातले चार वेगवेगळे निवडा आणि आलटून पालटून वापरा. प्रत्येकाची शेपटी २५०-२८० मिलिसेकंदांवर कापा, म्हणजे पुढच्या आघाताआधी शांतता मिळेल. बँडनं ही शांतता फार जपली आहे. मधल्या भागात तर श्वासही ऐकू येतात.

दोन माइक लावलेत हे चांगलं केलंत, पण तिथंच ठोक्याचं पोट गेलं. एक ३० सेंटिमीटरवर आणि दुसरा १.८ मीटरवर, म्हणजे दीड मीटरचा फरक. लांबच्या माइकला आवाज सुमारे ४.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकत्र केले की ११४ हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खातात. नेमकी तिथंच ठोक्याची छाती असते. लांबचा ट्रॅक ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण २१० सॅम्पल (सेकंदाला ४८ हजार असतात) आधी, म्हणजे डावीकडे सरकवा आणि ऐका. फरक लगेच कळेल.

गढूळपणाचं मूळ वाटणीत आहे. किक (मोठा ड्रम), पाय, सिंथ बेस आणि गिटारची जाड तार, चौघं ६० ते २५० हर्ट्झमध्ये बसलेत. किकला ६० च्या आसपासची जागा द्या. पायांना ८० च्या खाली कापा आणि २५०-३०० वर तीन-चार डेसिबल काढा. गिटार १०० च्या खाली नकोच. गाणं एफ शार्प मायनरमध्ये आहे, आणि बेसचा खालचा षड्ज ४६ हर्ट्झला येतो. भाड्यानं मिळणारे १५ इंची टॉप स्पीकर तिथं धड वाजत नाहीत. तुम्ही तो चढवलात म्हणून अ‍ॅम्प्लिफायर क्लिप झाला, म्हणजे ताकदीबाहेर जाऊन फाटका वाजला, बेस मात्र आला नाही. त्याऐवजी बेसवर हलकं सॅच्युरेशन (सौम्य विकृती) द्या, म्हणजे ९२ हर्ट्झचा वरचा स्वर पुढं येईल आणि कान खालचा स्वर मनानं भरून काढेल. पायांवरचा हॉल रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा) काढून टाका. पत्र्याच्या हॉलमध्ये तो आयताच मिळतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ट्रॅकमध्ये ऐकू येते: गिटारमागची घुंईऽ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ५० हर्ट्झ म्हणजे एफ शार्पच्या वरच्या जी स्वराच्याही किंचित वर. म्हणजे या गाण्याच्या षड्जाला खेटून एक बेसूर कोमल ऋषभ सतत वाजतोय. दुसऱ्या एखाद्या सुरातल्या गाण्यात तो खपला असता, इथं खपत नाही. गिटारचा अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, लाइटच्या डिमरची लाइन वेगळी ठेवा, डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. घुंई घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थिंग मात्र कुणालाही तोडू देऊ नका. ओल्या स्टेजवर ओठ माइकला लागले की शॉक जिवावर बेतू शकतो.

नावाबद्दल थोडक्यात. गोरनं सांगितलंय की गाणं गायक एल्व्हिस प्रेस्लीची एके काळची पत्नी प्रिसिला हिच्या त्याच्यावरच्या पुस्तकावरून सुचलं: एक माणूस दुसऱ्याचा देवच होऊन बसतो, त्या नात्यावर. येशूची थट्टा त्यात नाही. तरी बेळगावच्या कॅम्पात जुनी चर्च आहेत, कॉलेजात त्या घरांतली मुलं असणार, तेव्हा गॅदरिंग समितीला हे आधी सांगा आणि निवेदकाच्या तोंडी दोन वाक्यं द्या. गाणं लपवून वाजवण्यासारखं नाही.

स्टेजवर लूप (आधी रेकॉर्ड केलेला ताल) आणि क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) एकाच लॅपटॉपवरून जाणार असतील तर डाव्या चॅनेलवर क्लिक, उजव्यावर लूप, आणि क्लिक फक्त ड्रमरच्या इअरफोनला. साउंडवाल्याला हे लेखी द्या, नाहीतर तो सवयीनं दोन्ही चॅनेल बाहेर सोडेल. सुधारलेला ट्रॅक झाला की पाठवा, पण पायांचा ठोका वेगळ्या फाइलमध्ये. मिक्समधून त्याचा दोष सांगणं अवघड जातं.